एका शिरोरेषेखाली

विश्रामबागेच्या पलीकडे मगदुमांचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा सांगलीतली माणसं ते बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येत असत. कौलं नाहीत, ओसरी नाही, माडी नाही. सपाट स्लॅबचं छप्पर, रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी काचच काच, आणि आत जमिनीपासून वीतभर उंचीवर टेकलेले सागवानी कोच. त्यांच्यावर बसलेल्या माणसाला उठताना दुसऱ्याचा हात धरावा लागे. हळदीच्या पेठेतले व्यापारी महावीर मगदुमाला थट्टेनं विचारत, घर बांधलंयस की पोस्टाची कचेरी? महावीर नुसता हसे. पैसे त्याचे होते हे खरं, पण पुण्याच्या तरुण आर्किटेक्टशी वाद घालून, नकाशावर पेन्सिलीनं स्वतःच्या रेघा ओढून ते घर घडवून घेतलं होतं त्याच्या बायकोनं, आणि ही गोष्ट पेठेत सांगण्यासारखी नव्हती.

गुणमाला तेव्हा चाळिशीला आली होती. मूलबाळ झालं नव्हतं. लग्नाआधी ती मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. एका सुट्टीत बेळगावला माहेरी आली ती परत गेलीच नाही, कारण सांगलीचं स्थळ सांगून आलं होतं आणि तिला विचारण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. लग्नात ताटभर तांदळांवर महावीरनं अंगठीनं ‘गुणमाला’ असं लिहिलं, सगळ्यांनी ते कौतुकानं वाचलं, पेढे वाटले, आणि अंजना उपाध्ये नावाची मुलगी त्या दुपारी संपली. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. नवरा भला होता. पण यापुढे आपल्या आयुष्यातलं काहीही आपल्याला न विचारता कुणाला हलवू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं, आणि ते ती इतक्या शांतपणे पाळत आली की तो हट्ट आहे हे घरातल्यांना कळायला पुष्कळ वर्षं लागली.

गालिच्यांचा नाद त्यातलाच. आर्किटेक्टनं आणलेल्या एका परदेशी मासिकात तिनं एका खोलीचं चित्र पाहिलं होतं: असेच बुटके कोच, अशीच भिंतभर काच, काचेबाहेर पांढरीफटक झाडं, आणि जमिनीवर ओल्या शेवाळासारखा दाट, लांब लोकरीचा गालिचा. तसला गालिचा बाजारात मिळत नाही हे कळल्यावर तिनं तो माणसांकडे शोधायला सुरुवात केली. पुण्याला, साताऱ्याला नव्या कारखान्यांतून स्वीडनचे, डेन्मार्कचे, नॉर्वेचे इंजिनियर येत, दोन-चार वर्षं राहत आणि परत जाताना जड सामान विकून टाकत. साताऱ्याचे लालासाहेब घोरपडे हे महावीरच्या थोरल्या भावाचे मित्र. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तिथल्याच एका कारखान्यात सुरक्षा बघत. कोणता साहेब देश सोडून निघालाय ते त्यांना आधी कळे, आणि ते सांगलीला फोन लावत.

“वहिनी, निळ्या डोळ्यांची पार्टी निघाली बघा. या लौकर, न्हाई तर वाण्याच्या दुकानात पायपुसणं होतंय त्याचं.”

असं करत गुणमालानं घरातली एकेक खोली भरली. झोपायच्या खोलीत सपाट विणीचा निळा, त्यावर माशांच्या काट्यासारखी नक्षी; पुस्तकांच्या खोलीत वाळलेल्या संत्र्याच्या सालीच्या रंगाचा; जेवणघराच्या तोंडाशी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. ती त्यांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवी, कसर लागू नये म्हणून कोवळ्या उन्हात उलगडून झटकी, आणि सांगलीच्या चैत्रात घरात लोकर अंथरणारी बाई म्हणून नातेवाइकांत हसं झालेलं ती हसतमुखानं ऐकून घेई. घरकामाला असलेली साळूबाई जतकडची, तिनं पहिल्याच दिवशी लांब लोकरीवर हात फिरवून म्हटलं होतं, “बाईसाब, ही आमच्या घोंगड्याची थोरली भन दिसती. खाऊनपिऊन असल्याली.” सासूबाई, आक्काताई, थोरल्या मुलाकडे गावभागातल्या जुन्या घरात राहत, त्यांना मात्र ही मेंढराची लोकर घरभर नको वाटे. त्या आल्या की सोवळ्याचं पाऊल टाकावं तशा मोझॅकच्या उघड्या पट्टीवरून चालत.

“तुम्ही कोचावर बसा, आत्याबाई,” गुणमाला सासूला म्हणे, “मी खाली बसते.” आणि ती गालिच्यावर मांडी घालून बसे.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर लालासाहेबांचा फोन आला, आणि गुणमाला साताऱ्याला सदर बझारातल्या एका बंगल्यात गेली. हाउगन नावाचं नॉर्वेचं जोडपं निघालं होतं. खोल्यांतून लाकडी खोकी उघडी पडली होती, भिंतींवर तसबिरींच्या जागा उजळ राहिल्या होत्या. मिसेस हाउगन उंच, हाडकुळ्या, साठीच्या जवळच्या. त्यांनी आतल्या खोलीत नेलं, तिथं पलंगावर एक गालिचा पालथा घातलेला होता, लोकर खाली, पाठ वर.

“आमच्याकडे हे जमिनीवर टाकायचे नव्हेत,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “हे पांघरायचे. लोकर अंगाकडे करून. लग्नासाठी विणायचे, नवरा-नवरी दोघांची अक्षरं घालून.”

दोघींनी मिळून तो उलथला. काळपट हिरवा, डबक्याच्या तळासारखा रंग. मध्ये कसलीच नक्षी नाही. एका कडेला मात्र दोन चौकोन शेजारी शेजारी होते. डाव्या चौकोनात पांढऱ्या लोकरीनं काढलेला इंग्रजी टी. उजवा चौकोन टकला होता. तिथल्या सगळ्या गाठी उपटलेल्या, आणि खालचा करडा ताणाबाणा उघडा पडलेला.

“माझ्या पणजीची बहीण,” मिसेस हाउगन म्हणाल्या. “तिला न विचारता ठरवलं होतं. लग्नाच्या सकाळी तिनं स्वतःचं अक्षर उपटून काढलं आणि सगळ्यांच्या हातात दिलं.”

“मग?”

“मग काही नाही. लग्न झालं नाही. लोकर चांगली होती, टाकणार कोण?” त्यांनी गालिच्याची कड सारखी केली. “माझ्या मुलीला मी तो दिला नाही.”

गुणमालानं त्या उघड्या जागेवरून बोटं फिरवली. तिथली वीण खरखरीत होती, हट्टी होती. तिला एकदम इतकं बरं वाटलं की ती मोठ्यानं हसली. कुठल्या तरी थंड गावातली, केव्हाचीच मेलेली ती मुलगी तिला आपल्या कॉलेजातल्या एखाद्या मैत्रिणीसारखी वाटली. त्या टकल्या चौकोनासाठीच तिनं तो गालिचा घेतला, आणि घरी आणल्यावर आतल्या खोलीत न ठेवता पुढच्या दिवाणखान्यात, काचेसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला रिकामा चौकोन दिसेल असा अंथरला.

पौष सरत आला होता. एका सकाळी कोवळं ऊन काचेतून तिरपं आत आलं असताना गुणमाला लाकडी फणीनं गालिच्याची लोकर एका दिशेनं विंचरत बसली होती, आणि विंचरता विंचरता तिचा हात थांबला. टीच्या वरची आडवी रेघ आपल्या चौकोनात संपत नव्हती. ती दोन चौकोनांमधली हिरवी पट्टी ओलांडून उजवीकडच्या उघड्या जागेत, तिच्या वरच्या कडेनं, सरळ शेवटापर्यंत गेली होती.

हे आपण पाहिलं नव्हतं, असं तिला आधी वाटलं. मग हे असतं तर आपण पाहिलंच असतं, असं वाटलं. तिनं साळूबाईला हाक मारली.

“साळूबाई, इथं तुम्ही काही शिवलंत?”

साळूबाई ओले हात लुगड्याला पुसत वाकली. “मी कशाला शिवू? मला काय कळतंय त्यातलं. पण काल पुसून घ्याया उचलला तवा न्हवतं बगा ह्ये.”

गुणमालानं शिवणाच्या डब्यातून छोटी कात्री आणि सुई आणली आणि उजव्या चौकोनातल्या गाठी एकेक करून उसवल्या. ते सोपं गेलं. सुटलेली लोकर तिनं तळहातावर घेतली तेव्हा मात्र तिला काहीतरी खटकलं. कुणी काल-परवा घातली असती तर ती टवटवीत, फुगीर असती. ही पिवळट पडलेली होती, टोकाला झिजलेली होती, कित्येक वर्षं अंगाशी चेपून चपटी झालेली. चुरगाळल्यावर तिच्यातून बारीक धूळ निघाली. ती सांगलीच्या काळ्या मातीची नव्हती. राखेसारखी फिकी होती.

आठवड्याभरात रेघ परत आली. या खेपेला तिच्या उजव्या टोकाशी एक उभी काठी खाली उतरली होती.

आता ते काय आहे हे वाचता येणाऱ्या कुणालाही कळलं असतं. आडवी शिरोरेषा आणि तिला लटकलेला काना. त्याच्या डावीकडे अजून काही नव्हतं, पण जागा ठेवलेली होती. ग असेल, गुणमालाला वाटलं, आणि मग तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, की आपण घाबरण्याऐवजी संतापलो आहोत. परक्या देशातून आलेली एक वस्तू आपल्या घरात, आपल्या देखत, आपलं नाव कुणाच्या तरी शेजारी बसवू पाहते आहे. आणि तेही कसं, तर त्याच्याच डोक्यावरची रेघ पुढे ओढून, दोन्ही अक्षरं एकाच शब्दातली असावीत तशी. तिनं तेही उपटलं. उपटताना ती मोठ्यानं म्हणाली, “विचारलं का मला?”

महावीरला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. तो सकाळी पेठेत जाई, संध्याकाळी हळदीचा वास घेऊन परत येई, आणि गालिच्यांकडे बायकोच्या आवडीकडे बघावं तसं दुरून बघे. सांगितलं ते आक्काताईंनी. त्या एका दुपारी सांडगे घेऊन आल्या, नेहमीप्रमाणे मोझॅकच्या पट्टीवरून चालत आल्या, आणि काचेजवळ थबकल्या. त्यांना वाचता येत होतं. रोज सकाळी पोथी वाचत. त्यांनी खाली बघितलं, ओठ हलवले, मग सुनेकडे बघितलं.

गुणमाला उठून पाहायला गेली. काठीच्या डावीकडे तीनच्या आकड्यासारखा दुहेरी बाक उमटला होता, आणि त्याला काठीशी जोडणारी लहानशी दांडी. ग नव्हता. अ होता. शिरोरेषेच्या वर, हिरव्या लोकरीत, एकच पांढरी गाठ: टिंब.

“अंजना म्हणायचं का मग तुला आता?” आक्काताई हळूच म्हणाल्या.

त्या घरात, त्या गावात, ते नाव माहीत असलेली माणसं मोजकीच उरली होती, आणि त्यांतल्या दोघी त्या क्षणी एकमेकींसमोर उभ्या होत्या.

संध्याकाळी महावीर आला तो सरळ काचेपाशी गेला. बराच वेळ तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही.

“किती दिवस चाललंय हे?”

“पौषापासून. मी उसवते, ते परत येतं.”

“येतं म्हणजे?”

“येतं म्हणजे येतं. साळूबाईंना विचारा.”

“गुणा,” तो म्हणाला, “आपल्या लग्नात तुला काय कमी पडलं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नावाशेजारी तू आपलं जुनं नाव घालत बसलीस?”

त्याला राग आला नव्हता. त्याला लागलं होतं. तिनं आत जाऊन उसवलेल्या लोकरीचा पुडा आणला, त्याच्यापुढे धरला. “बघा तरी. ही जुनी आहे. झिजलेली आहे. एवढी जुनी लोकर मी आणू कुठून?” पण त्यानं पुड्याकडे पाहिलं नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं. सुई टोचून टोचून ती चिरली होती.

“मिरजेला एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ,” तो म्हणाला.

“गालिच्याला दाखवा.”

“मी थट्टा करत नाही.”

“मीही नाही.”

दुसऱ्या दिवशी आक्काताईंचा निरोप आला, की ते घोंगडं घरातून काढा. महावीरही तेच म्हणाला. गुणमाला नाही म्हणाली. तिनं कारणही सांगितलं. आज हा बाहेर टाकला, तर ते अक्षर मीच विणत होते असं कायमचं ठरेल, आणि जे मी केलेलं नाही ते मी कबूल करणार नाही. महावीरनं ते ऐकून घेतलं, दोन धोतरं आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं आणि तो गावभागातल्या घरी राहायला गेला. जाताना तो दाराशी घुटमळला. “फोन कर,” एवढंच म्हणाला.

मग लालासाहेब आले. साताऱ्याहून खास त्यासाठीच जीप घेऊन आले होते, पण तसं न दाखवता चहा घेतला, कारखान्यातल्या संपाच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी उठून गालिच्याच्या कडेला उभे राहिले. इटलीच्या लढाईत गोळी खाल्लेला माणूस. पण त्यांच्या बुटांची टोकं लोकरीपासून इंचभर अलीकडेच राहिली.

“वहिनी, माझ्या नादानं आलं ह्ये. मी घिऊन जातो. कृष्णेत सोडतो, इषय संपला.”

“आणि खालच्या घाटावर कुणी काढून घेतला तर? वाळवून आपल्या लेकीच्या अंगावर घातला तर?”

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “आवं, पण तुमालाच का म्हून नडायचं?”

“मला विचारायचं राहिलंय त्याचं अजून,” गुणमाला म्हणाली. “विचारेपर्यंत मी हलत नाही.”

ती घरात एकटी राहू लागली. दिवस उजेडाचे होते, काचेबाहेर सायकली जात, हळदीचे ट्रक जात, आणि गालिच्यावरचं अक्षर दर उसवण्यानंतर आधीपेक्षा लवकर परत येई. तीही हट्टाला पेटली होती. पण या हट्टाची एक किंमत आहे, हे तिला पुढे पुढे जाणवू लागलं. अ उपटल्यावर त्या त्या वेळी काहीतरी हातून निसटे. एकदा मुंबईच्या वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलीचं नाव तिला आठवेना. चेहरा आठवत होता, तिच्या केसांच्या तेलाचा वास आठवत होता, नाव गेलं होतं. एकदा माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी कशाचं दुकान होतं ते आठवेना. आणि एका दुपारी, टिंबाची गाठ सुईच्या टोकावर धरली असताना, आई आपल्याला लाडानं काय हाक मारायची हे आठवून बघावं असं सहज तिच्या मनात आलं, आणि आईचे हलणारे ओठ तिला स्पष्ट दिसले, पण त्यांतून आवाज आला नाही.

तिनं सुई खाली ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

बराच वेळ ती त्या अक्षराकडे बघत राहिली. तशी तिनं त्याच्याकडे एवढ्या दिवसांत नुसतं बघितलंच नव्हतं. दिसलं की उपटलं होतं. ते वळणदार होतं. तिचं स्वतःचं शाळेतलं अक्षर असावं तसंच, पोट जरा मोठं, काठी जरा तिरकी. हे माझं आहे, तिला वाटलं. माझंच नाव मी माझ्या हातानं का उपटू? एकदा तांदळावरून ते पुसलं गेलं तेव्हा मी गप्प बसले. त्या थंड गावातल्या मुलीनंही स्वतःचंच अक्षर काढलं, बिचारीनं. काढायचं असेल तर शेजारचं काढायला हवं. हे त्या मुलीला, मिसेस हाउगनला, इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि आनंदही झाला.

चैत्राची दुपार होती. साळूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. गुणमालानं पदर खोचला, कात्री घेतली आणि आधी दोन चौकोनांमधली ती सामाईक रेघ मध्येच कापली.

टीच्या गाठी वेगळ्या होत्या. अ हातात येताच सैल सुटत असे. हा घट्ट होता, ओढून बांधलेला, अंगातली ताकद लावून कुणीतरी आवळलेला. सुई वाकली. दुसरी वाकली. शेवटी तिनं चिमटा घेतला आणि एकेक झुपका मुळापासून उपटला, आणि दर झुपक्याला विणीतून बारीक, कोरडा आवाज आला. लोकर झिजलेली नव्हती. तिच्याखाली कधी कुणी झोपलंच नव्हतं. तिला धुराचा आणि जनावरांच्या गोठ्याचा वास होता, आणि त्या वासाखाली आणखी एक, गुणमालाला न ओळखू येणारा. पत्र्याला जीभ लावल्यावर येतो तसा. अंगावरचा घाम पार सुकला होता. तिच्या ते लक्षात आलं ते दातावर दात वाजायला लागल्यावर. तरी ती थांबली नाही. शेवटची गाठ निघाली तेव्हा डावा चौकोन टकला झाला होता आणि उजवीकडे, आपल्या तोकड्या शिरोरेषेखाली, अं एकटा उभा होता.

पांढरी लोकर तिनं सुपात भरून मागच्या अंगणात नेली आणि पाणी तापवायच्या बंबात टाकली. केस जळल्यासारखा वास सुटला. साळूबाईनं नाकाला पदर लावला. “काय जाळताय बाईसाब?”

“कुणाचं तरी नाव,” गुणमाला म्हणाली, आणि हसली.

दुसऱ्या दिवशी डावा चौकोन तसाच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, आणखी एक गेला. अं हलला नाही, वाढला नाही, त्याच्या शेजारी काही उमटलं नाही. वसतिगृहातल्या त्या मुलीचं नाव, विमल, दात घासता घासता आपसूक ओठांवर आलं. आईचा आवाजही आला: अंजे. गुणमालानं घरभर खिडक्या उघडल्या, गालिचे उन्हात घातले, आणि खूप दिवसांनी दोन माणसांचा स्वयंपाक सांगितला. मग तिनं पेठेत फोन लावला.

“माझं नाव तसंच आहे,” ती म्हणाली. “शेजारचं गेलं. येऊन बघा.”

पलीकडे तराजूचा, हमालांचा आवाज येत राहिला. मग महावीर म्हणाला, “तू काढलंस?”

“हो. ते मी काढलं. हे मात्र कबूल करते.”

“आई काही म्हणू दे. मी येतो जेवायला.”

“या. आणि आल्यावर मला त्या नावानं हाक मारायची.”

“कोणत्या?”

“तुम्ही अंगठीनं दुसरं लिहिलंत, त्याच्या आधीच्या.”

तो हसल्याचं तिला ऐकू आलं. त्याचं ते दबकं, मिशीतलं हसणं. “मारीन,” तो म्हणाला. “लाज वाटेल जरा, पण मारीन.”

साळूबाई भाकरी करून, ताटं मांडून घरी गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, डांबर मऊ होऊन चकाकत होतं, समोरच्या कडुलिंबाखाली एक कुत्रं जीभ बाहेर काढून पडलं होतं. गुणमाला कोचावर बसून वाट बघत होती. ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली होती. आरशासमोर स्वतःलाच एकदा नावानं हाक मारून तिनं ते कसं वाटतं ते बघितलं होतं, आणि तिला ते फार आवडलं होतं.

दाराबाहेर पावलं वाजली, तेव्हा ती उठलीच होती. मग थांबली. महावीर वहाणा घाली, आणि त्या काढताना त्याचा आवाज होत नसे. बाहेर कुणीतरी पायऱ्यांच्या दगडावर बूट आपटत होतं. जड बूट. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. सावकाश, जबाबदारीनं, घरात घाण जाऊ नये म्हणून शिस्तीचा माणूस आपटतो तसे. आपटताना त्यांच्यावरून काहीतरी मऊसर, ओलसर ढेकळासारखं खाली पडत होतं.

तिनं काचेकडे पाहिलं. काचेतून पायऱ्या दिसत नसत. दिसत होता तो रस्ता, ऊन, आणि कुत्रं. कुत्रं उठून उभं राहिलं होतं आणि दाराकडे बघत होतं.

“कोण आहे?” तिनं विचारलं.

बूट थांबले. दाराखालच्या फटीतून पाण्याची एक पातळ रेघ आत आली आणि मोझॅकवरून, घाई न करता, तिच्या पायांपर्यंत आली. ती अनवाणी होती. पाण्यात बर्फाचा चुरा होता, त्याला उपटलेल्या टीच्या लोकरीचाच धुराचा आणि गोठ्याचा वास होता, आणि ते इतकं गार होतं की तिच्या टाचा बधिर झाल्या.

ती मागे सरली नाही. पाण्यातून चालत गेली, आणि तिनं कडी काढली.